फोनवर मराठी भरभर टाइप करायला कसं शिकायचं? (गिऱ्हाईक थांबत नाही हो)

शहापुरी_पदर · सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. वय ५४. बेळगावात शहापूरला साड्यांचं दुकान, वडिलांच्या काळापासूनचं. गेल्या चार-पाच वर्षांत निम्मा धंदा व्हॉट्सॲपवर आलाय. सकाळी दहा-बारा साड्यांचे फोटो स्टेटसला टाकायचे आणि मग दिवसभर उत्तरं देत बसायचं. घोडं तिथंच अडतंय. मी उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करतो, तांदळातले खडे वेचल्यासारखं. समोरच्याला नुसतं 'टायपिंग' दिसत राहतं आणि तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पोचलेलं असतं.

परवाची गोष्ट सांगतो. गोकाकच्या एक बाई, जुन्या गिऱ्हाईक. इरकलीचा फोटो बघून त्यांनी विचारलं, पदर कसला आहे. मी इंग्रजी अक्षरं वापरून मराठी लिहितो. 'पी'नंतर एक 'ए' जास्त पडला आणि घाईत न बघता पाठवलं. गेलं ते असं: "पादर टोपाचा आहे, एकदम भारी." बाईंकडून हसणारे सात चेहरे आले. साडीची ऑर्डर काही आली नाही.

त्यात आपलं गाव असं. गोकाक-बैलहोंगलकडचे लोक कन्नडमध्ये "रेट एष्टु री?" विचारतात, खानापूर-चंदगडचे मराठीत, आणि सुरतच्या व्यापाऱ्याशी हिंदी. दर वेळी ते पृथ्वीच्या गोळ्याचं बटण दाबून भाषा बदलायची, आणि बदलल्यावर कळतं की दुसरीच आलीय. पोरगा २२ वर्षांचा, फोनकडे न बघता टाइप करतो. "बाबा, द्या मी लिहितो," म्हणतो. पण तो दिवसभर कॉलेजात.

तर विचारायचं हे, की इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणं चालू ठेवू की थेट देवनागरीचा कीबोर्ड घेऊ? आणि या वयात बोटं वळतील काय? 'रोज सराव करा' एवढंच कृपया सांगू नका, ते बायको सांगतेच.

दुसरं_गेट · सोमवार, रात्री १०.५२

धाग्याचं नाव 'पादर टोपाचा' ठेवा, शंभर प्रतिसाद कुठं गेले नाहीत. रुमाल टाकून बसतो.

कुंदा_आणि_मांडे · सोमवार, रात्री ११.०५

बायको विचारूलीय एवढं काय हसूलायस म्हणून. तिला वाचून दाखवलं, आता तीपण हसूलीय. काका, दुकानाचा पत्ता द्या, ती साडी आम्हीच घेऊन टाकू.

अनगोळचा_बेंगळूरकर · मंगळवार, सकाळी ८.१५

काका, आधी ते एक बोट सोडा. फोन दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करायला लागा.

हे माझ्या मनाचं नाही. २०१९ साली फिनलंडचं आल्टो विद्यापीठ, केंब्रिज आणि झुरिकचं ईटीएच यांनी मिळून ३७,००० लोकांचं फोनवरचं टायपिंग मोजलं. सरासरी वेग निघाला मिनिटाला ३६ शब्द. दोन अंगठेवाले ३८ च्या आसपास, आणि चारातले जवळपास तीन जण दोन अंगठ्यांनीच टाइप करणारे. १० ते १९ वयाची पोरं त्यांच्या आईबापांच्या पिढीपेक्षा मिनिटाला साधारण १० शब्दांनी पुढं. म्हणजे तुमचा पोरगा काही जादूगार नाही, त्याची पिढीच तशी.

कारण सोपं आहे. एका बोटाला पूर्ण कीबोर्डभर पळावं लागतं. दोन अंगठे असले की एक दाबत असताना दुसरा पुढच्या बटणावर जाऊन थांबतो. २०१३ साली काही संशोधकांनी याच तत्त्वावर 'काल्क' नावाचा कीबोर्ड बनवला होता, अंगठ्यांची पाळी बदलत राहावी अशी अक्षरं लावून. चालला नाही. नवीन मांडणी शिकायला कुणाला वेळ आहे?

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त कामाची. चुकलेला शब्द फोन आपोआप दुरुस्त करतो, ती सोय वापरणारे लोक वेगवान निघाले. पण वर सुचवलेले शब्द वाचून त्यातला एक निवडणारे उलट मागं पडले. वाचायला आणि ठरवायला जो वेळ जातो तो टाइप करण्यापेक्षा जास्त. आता हा अभ्यास मुख्यतः इंग्रजी टाइप करणाऱ्यांचा, हे खरं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना तर शब्द निवडल्याशिवाय गत्यंतरच नाही. 'साडी' की 'सादी' हे तुम्हालाच सांगावं लागणार.

शहापुरी_पदर · मंगळवार, सकाळी ९.३०

'साडी'चं 'सादी' रोज होतंय! "सादी ३२०० ला आहे" असं लिहून पाठवलं की लोक विचारतात, आणि भरजरी कितीला?

अंगठ्यांचं पटतंय, पण माझे अंगठे जाड आहेत हो. एक दाबला की तीन अक्षरं पडतात.

अनगोळचा_बेंगळूरकर · मंगळवार, सकाळी ९.४१

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये उंची वाढवता येते, गूगलच्या जीबोर्डमध्ये तर नक्की आहे. सगळ्यात उंच करून ठेवा. आणि प्रत्येक अक्षराला थांबून तपासू नका. शेजारचं अक्षर पडलं तरी शब्द पुरा करा. आधीच्या अक्षरांवरून कीबोर्ड अंदाज बांधत असतो की तुम्हाला काय दाबायचं होतं. मधेच थांबून पुसलंत की त्या बिचाऱ्याला संधीच मिळत नाही.

टंकलेखन_गुरुजी · मंगळवार, दुपारी १.२०

धागा वाचून राहवलं नाही. बेळगावात तीस वर्षं टाइपरायटिंगची इन्स्टिट्यूट चालवली. आधी मॅन्युअल मशीन, मग कॉम्प्युटर, मग कुलूप.

शहापुरीराव, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर टिचक्या मोजून देतो. 'पदर' देवनागरी कीबोर्डवर तीन टिचक्या: प, द, र. इंग्रजी अक्षरांतून पाच. 'साडी' चार आणि चार, पण इंग्रजीतून लिहिल्यावर 'सादी' आली तर निवडायची एक टिचकी वर. 'शहापूर' सहा, इंग्रजीतून आठ. 'नमस्कार' सात, इंग्रजीतून आठ. जोडाक्षरांत देवनागरीचा फायदा संपतो हे मान्य. 'त्र्यंबक' दोन्हीकडं आठ. 'स्त्रिया' देवनागरीत आठ, कारण प्रत्येक जोडणीला पाय मोडायची एक वेगळी टिचकी लागते; इंग्रजीतून सहा. पण दुकानदाराच्या तोंडी 'स्त्रिया' किती वेळा येतो आणि 'पदर, काठ, जर, रंग, दर' किती वेळा? हे सगळे दोन-तीन टिचक्यांचे शब्द. 'अ'चा स्वर आपल्या अक्षरात मुळातच असतो, तो इंग्रजीतून लिहिताना दर वेळी वेगळा दाबावा लागतो. तुमचा 'पादर' त्या फुकटच्या 'ए'मुळंच झाला.

दुसरं, मांडणी. इनस्क्रिप्ट हा १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं प्रमाण ठरवलेला कळफलक. त्यात स्वर आणि मात्रा डावीकडं, व्यंजनं बहुतेक उजवीकडं. उजव्यानं 'क', डाव्यानं काना. अनगोळकर म्हणतात ती अंगठ्यांची पाळी इथं आपोआप बसते. त्यासाठी परदेशातून काही आणायला नको.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट: इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा 'क' ज्या बटणावर, कन्नडचा 'क' त्याच बटणावर. 'प' च्या जागी 'प', काना जिथं तिथंच कन्नडचा काना. इंग्रजी 'के' च्या बटणावर दोन्हीकडं 'क' च. एकदा बोटं बसली की लिपी बदलली तरी बोटांना पत्ता लागत नाही. माझ्याकडं मराठी शिकलेल्या मुली दहा-पंधरा दिवसांत कन्नड टाइप करायला लागायच्या. अक्षर वाचता आलं नाही तरी!

जुन्या मशीनवर हे नव्हतं. रेमिंग्टनवर 'कि' लिहायला आधी वेलांटी, मग 'क', कारण कागदावर ती आधी येते. इनस्क्रिप्टमध्ये उच्चारतो त्या क्रमानं: आधी 'क', मग वेलांटी. जुने टायपिस्ट यातच अडकायचे.

दुसरं_गेट · मंगळवार, दुपारी १.३४

गुरुजी, तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी होतो की काय असं वाटायला लागलंय. तिथं पट्टी होती काय हो? बोटांवर मारायची?

टंकलेखन_गुरुजी · मंगळवार, दुपारी १.४०

होती. कीबोर्डकडे बघणाऱ्यांना.

खानापूरची_बाई · मंगळवार, संध्याकाळी ६.१०

गुरुजींबद्दल आदर आहेच, पण फोनवर इनस्क्रिप्ट मला अजिबात झेपलं नाही. तो दहा बोटांसाठी बनवलाय. फोनवर इंग्रजीची २६ अक्षरं तीन ओळींत ऐसपैस बसतात; आपली व्यंजनं, स्वर, मात्रा घालायला गेलं की बटणं बारीक होतात, नाहीतर निम्मी अक्षरं शिफ्टमागं लपतात. 'ख' साठी शिफ्ट, 'भ' साठी शिफ्ट, 'ळ' साठी शिफ्ट. 'खळखळ' लिहून बघा जरा, आठ टिचक्या. गुरुजींच्या हिशेबात शिफ्ट धरलीच नाही!

मी मराठी शाळेत शिक्षिका. पालकांचा ग्रुप मराठीत, वरून येणारी परिपत्रकं कन्नडमध्ये, माहिती भरायची ती इंग्रजीत. मला मानवला तो 'स्वरचक्र'. मुंबईच्या आयआयटीत बनलेला कीबोर्ड. 'क' वर बोट टेकवलं की भोवती चक्र उमटतं: का, कि, की, कु… त्या दिशेनं बोट सरकवायचं, की अक्षर तयार. टेकवणं आणि सरकवणं मिळून एकच हालचाल. व्यंजनं शाळेतल्या तक्त्यासारखी ओळीत, क ख ग घ, त्यामुळं शोधावी लागत नाहीत. मराठीचा वेगळा आहे, कन्नडचा वेगळा, मांडणी सारखीच. माझ्या सासूबाई ६८ व्या वर्षी त्यावर लिहायला शिकल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येतच नाहीत, म्हणजे बाकी कुणाचे सल्ले त्यांच्या कामाचे नव्हते.

अनगोळचा_बेंगळूरकर · मंगळवार, संध्याकाळी ६.२५

बाई, मुद्दा बरोबर. बटण मोठं आणि जवळ असलं की बोट लवकर पोचतं, हा १९५४ सालचा फिट्सचा नियम. बटणं बारीक झाली की टिचक्या कमी होऊनही फायदा उरत नाही. फक्त स्वरचक्रात दोन अंगठे चालवणं अवघड, सरकवण्यात एक अंगठा गुंततो. शिकायला सोपं आणि शेवटी वेगवान, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

टंकलेखन_गुरुजी · मंगळवार, संध्याकाळी ७.०२

'खळखळ' आठ. मान्य. बाईंनी पट्टी माझ्याच हातावर मारली.

निपाणीचा_नाना · मंगळवार, रात्री ९.१५

एवढा खटाटोप कशाला? माईकचं बटण दाबा आणि बोला. मराठीत गूगलचं बोलून टाइप करणं २०१७ पासून आहे, कन्नडही त्याच वेळी आलं. मी बोलूनच लिहितो, आत्ताही बोलतोय बघा जेवायला वाढ आलो

निपाणीचा_नाना · मंगळवार, रात्री ९.१६

शेवटचे तीन शब्द बायकोसाठी होते.

कुंदा_आणि_मांडे · मंगळवार, रात्री ९.३०

:) :) नाना, आमच्या आत्याचं याहून वाईट झालं. नात्यातले एकजण वारले, फॅमिली ग्रुपवर सांत्वन बोलून लिहिलं. तेवढ्यात दूधवाला आला. मेसेज गेला: "ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो दोन लिटर ठेव उद्या येऊ नको."

आणि ते आपली भाषा कुठं समजतं? "येऊलोय थांब" म्हटलं की "येऊ लोभ थांब" लिहितं. पुण्याच्या माणसासारखं बोललं तरच ऐकतं. मशीनसाठी पण शुद्ध बोलायचं म्हणजे घरी तरी काय मोकळीक राहिली?

शहापुरी_पदर · मंगळवार, रात्री १०.२०

नाना, आमच्या दुकानात दुपारी चारला उभं राहून बोलून बघा. मागं दोन बायका काठावरून वाद घालतात, बाहेर हॉर्न. माझ्या मेसेजमध्ये दुसऱ्याच गिऱ्हाईकाची घासाघीस लिहून जाईल. रात्री घरी बसून मोठा मजकूर लिहायला चांगलं आहे, करतो तसं.

सह्याद्री_कडा · मंगळवार, रात्री १०.४५

मुळात कन्नडमध्ये उत्तर द्यायचंच कशाला? आपण मराठीत लिहावं, ज्याला पाहिजे तो वाचेल. आपणच वाकत गेलो म्हणून आज ही वेळ…

शहापुरी_पदर · मंगळवार, रात्री ११.००

साहेब, बाकी ठिकाणी मी तुमच्याबरोबर आहे, एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, दुकान बंद असतं माझं. पण गोकाकच्या बाईला साडी विकायची तर तिला कळेल असं लिहायला नको? तीपण माझ्याशी तोडकंमोडकं मराठी बोलते की.

संपादक_मंडळ · मंगळवार, रात्री ११.१२

सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे, ४१२ प्रतिसाद झालेत, तिकडे जागा आहे. इथे फक्त बोटांचा प्रश्न. काही प्रतिसाद काढले आहेत.

र_ला_रफार · बुधवार, सकाळी ७.५०

वेगाचं ठीक, पण शुद्धतेचं काय? रोज 'दुसर्या', 'वार्यावर', 'तर्हा' वाचून डोळे दुखतात. हा 'सूर्य' मधला रफार नव्हे, 'दुसऱ्या' मधला अर्धा र आहे! खाली टिंब असलेला 'ऱ' घ्या, मग पाय मोडा, मग 'य'. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'र' चं बटण दाबलं की तो 'ऱ' मिळतो. इंग्रजी अक्षरांतून लिहीत असाल तर सुचवलेल्या शब्दांत बरोबर रूप असतं बहुधा, पण पहिलं दिसेल ते घेतलं जातं. आणि 'ल' ला 'ळ' ची जागा घेऊ देणाऱ्यांनो, 'बेलगाव' लिहिता तेव्हा लाज वाटू द्या. काळा आणि काला यात फरक आहे.

दुसरं_गेट · बुधवार, सकाळी ८.०५

इंग्रजांनी पण 'ळ' खाल्ला होता, त्यांच्याकडं कीबोर्डचं निमित्त होतं काय?

मलप्रभा · बुधवार, सकाळी ११.३०

नेहमी वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. मी घरून मसाले आणि चटण्या विकते, माझीपण हीच रडकथा होती. शहापुरीकाका, तुम्ही दिवसभरात वेगवेगळी वाक्यं किती लिहिता हे एकदा मोजा. मी एक दिवस वहीत लिहून काढलं. ऐंशी मेसेज होते आणि वाक्यं मात्र अकरा. "किलोचा दर अमुक", "कुरिअर वेगळं", "उद्या पाठवते", "पैसे मिळाले, धन्यवाद", असंच फिरून फिरून.

मग ती अकरा वाक्यं फोनलाच शिकवली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'पर्सनल डिक्शनरी' असते. तिथं शब्दाच्या जागी अख्खं वाक्य टाकायचं आणि शॉर्टकटच्या जागी दोन अक्षरं. 'कुव' लिहिलं की वर सुचवणीत "कुरिअरचा खर्च वेगळा पडेल, गावाप्रमाणे सांगते" येतं, त्यावर टिचकी. भाषेप्रमाणे याद्या वेगळ्या असतात, मराठीत भरलेलं कन्नडमध्ये दिसत नसेल तर 'सर्व भाषा' या यादीत भरा. मी कन्नड वाक्यं शेजारणीकडून लिहून घेतली. मला कन्नड बोलता येतं, लिहिताना मात्र ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए मध्ये गोंधळ होतो. आपल्यात तो भेदच नाही ना.

धंद्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस घेतलंत तर त्यात 'क्विक रिप्लाय' आहेत. तिरकी रेघ टाकली की तुमची यादी उघडते. ५० पर्यंत ठेवता येतात, आणि त्याबरोबर फोटोसुद्धा जातो.

शहापुरी_पदर · बुधवार, दुपारी २.१०

मलप्रभाताई, ही गोष्ट ३५ वर्षं दुकान चालवून माझ्या डोक्यात आली नाही. दुकानात मी तोंडानं हेच करतो की! "रंग जात नाही, धुवून बघा, परत आणा" हे म्हणायला मला विचार करावा लागत नाही, आपोआप येतं. फोनवर मात्र दर वेळी पहिल्यापासून विणत बसलोय.

टंकलेखन_गुरुजी · बुधवार, दुपारी ३.००

ताईंचा उपाय चांगला, पण त्याला टायपिंग शिकणं म्हणत नाहीत.

मलप्रभा · बुधवार, दुपारी ३.०८

गुरुजी, चटणी विकली जाते ना?

हाडांचा_हिशेब · बुधवार, रात्री ८.४०

पेशानं फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडीत. दोन अंगठ्यांचा सल्ला द्या, पण बरोबर हेही सांगा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ येते, बरणीचं झाकण उघडताना किंवा लहान मुलाला उचलताना जास्त, असे लोक माझ्याकडं येतात. अंगठा उचलणाऱ्या दोन स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आलेली असते. डी क्वेर्व्हेनचा आजार म्हणतात. पूर्वी बाळंतीण बायकांत जास्त दिसायचा, आता अंगठ्यानं फोन चालवणारेही येतात. फोन एकाच हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं लांबची बटणं गाठू नका. फोन गल्ल्यावर किंवा टेबलावर टेकवा. शहापुरीकाकांचं एक बोट मंद असेल, पण त्यानं त्यांचा अंगठा वाचवला आहे.

निपाणीचा_नाना · बुधवार, रात्री ९.००

म्हणून म्हणतो बोला. जिभेला सूज येत नाही.

अनगोळचा_बेंगळूरकर · गुरुवार, सकाळी ९.१०

राहिलेले दोन-तीन बारीक उपाय लिहून टाकतो, नंतर विसरेन. चुकलेल्या जागी जायला अक्षरांमध्ये बोट खुपसू नका, स्पेसबारवर बोट ठेवून डावीकडं-उजवीकडं सरकवा, कर्सर तसा सरकतो. पुसायच्या बटणावरून डावीकडं सरकवलं की शब्दच्या शब्द निवडून पुसले जातात. स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम. आणि भाषा दोनच ठेवा, हिंदीची यादीतून काढून टाका. लिपी तीच आहे, सुरतवाल्याला चालेल. गोळ्याचं बटण मग दोघांतच फिरेल.

शहापुरी_पदर · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०.१५

मंडळी, उत्तर द्यायला उशीर झाला. लग्नसराई होती. पण केलं काय काय ते सांगतो, नाहीतर गुरुजी पट्टी घेऊन येतील.

आधी मोजमाप. एक चार ओळींचा मेसेज ठरवला: साडीचा प्रकार, काठ, पदर, दर, पोचायला किती दिवस. पोराला घड्याळ लावून बसवलं. पहिल्या दिवशी, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांतून: २ मिनिटं १० सेकंद. वर दोन चुका.

दोन अंगठे सुरू केले त्या आठवड्यात हाच मेसेज पावणेतीन मिनिटांवर गेला. बोटं ऐकेनात. पोरगा म्हणाला जाऊ दे बाबा. मी तर एक दिवस रागानं फोन गल्ल्यात टाकून कुलूप लावलं. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, की पहिले आठ-दहा दिवस वेग उलट कमी होतो. नवीन माणसानं वाचावं म्हणून लिहितोय.

कीबोर्ड शेवटी देवनागरीच घेतला. इनस्क्रिप्ट जमलं नाही. गुरुजी, माफ करा, शिफ्टनं घात केला. आता कीबोर्डात क ख ग घ ओळीनं लावलेली मांडणी आहे ती वापरतोय. बाईंचं स्वरचक्र बायकोच्या फोनमध्ये टाकून दिलं, ती माझ्यापुढं गेलीय. फोन गल्ल्यावर टेकवून ठेवतो, डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं. (की डॉक्टरसाहेब? नावावरून कळत नाही.)

आज तोच मेसेज: १ मिनिट २० सेकंद.

आणि मलप्रभाताईंची वही केली. माझी वाक्यं चौदा निघाली. कन्नडची पोराच्या मित्राकडून लिहून घेतली, दोन वेळा तपासून. आता "एष्टु री?" आलं की तीन सेकंदांत उत्तर जातं. त्यावर एका गिऱ्हाईकानं विचारलं, तुम्ही माणूस आहात की मशीन?

टंकलेखन_गुरुजी · रविवार, रात्री १०.३०

अभिनंदन. पण १ मिनिट २० सेकंदांत किती टिचक्या? मेसेज लिहा इथं, मोजून सांगतो. शब्द मोजून उपयोग नाही. इंग्रजीत वेग काढताना पाच टिचक्यांचा एक शब्द धरतात, आपल्याकडं तसा धरला तर 'पदर' पाऊण शब्दसुद्धा होत नाही आणि 'स्त्रिया' दीड शब्दाच्या वर जातो.

र_ला_रफार · रविवार, रात्री १०.४१

तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये 'दुसऱ्या' बरोबर लिहिलंय. तेव्हाच म्हणणार होतो, राहून गेलं.

हाडांचा_हिशेब · रविवार, रात्री १०.५०

बाई.

मलप्रभा · रविवार, रात्री १०.५५

काका, गोकाकच्या बाईंचं काय झालं पुढं?

शहापुरी_पदर · रविवार, रात्री ११.०५

मागच्या बुधवारी त्यांचाच मेसेज आला. बहिणीच्या मुलीचं लग्न, सहा साड्या पाहिजेत, पैकी दोन 'त्या पादरच्या'. मी पदर असं दुरुस्त करून लिहिलं. त्यांनी परत पादरच लिहिलं. आता आमच्यात तेच नाव चालतंय, बिलावर पण पोरानं तसंच टाकलं.

दुसरं_गेट · रविवार, रात्री ११.०९

रुमाल उचलतो. गुरुजी, त्यात टिचक्या किती?

टंकलेखन_गुरुजी · रविवार, रात्री ११.११

चार.